खाऱ्या पाण्यावरचें रील

आमचे थोरले बंधू शाळामास्तर होते. परळच्या एका शाळेंत चौतीस वर्षें भूगोल आणि गणित शिकवून ते निवृत्त झाले, आणि अशा वेळीं इतरांस जसा पत्त्यांचा किंवा प्रवचनांचा नाद लागतो, तसा त्यांस लहानपणचा एक जुना नाद पुन्हां लागला. गिरगांवांत चाळींत राहत असतां चौपाटीच्या कडेला उभें राहून, हातदोरीला गरी बांधून ते मासे गरवीत असत. बिऱ्हाड दादरला हाललें, संसाराचें ओझें वाढलें, आणि तो नाद सुटला. गेलीं चार-पांच वर्षें मात्र पंचांगांतील तिथि पाहून, पिशवींत पाण्याची बाटली आणि कागदांत गुंडाळलेली करंदी घेऊन, ते पुन्हां समुद्राची वाट धरूं लागले. ती वाट वरळी कोळीवाड्याची.

आमच्या घरांत चूल एक असली तरी मतें दोन आहेत. आम्ही दोघे बंधू व मुलें माशावर जेवतों. आत्याबाई मासा शिजलेल्या भांड्याला हातहि लावीत नाहींत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासा उंबरठाच ओलांडीत नाहीं, हेंहि आम्ही जाणून आहों. त्यांनीं हा लेख एका यंत्राच्या निवडीची हकीकत म्हणून वाचावा. शिवणयंत्र घेतांना किंवा वाटणाचें यंत्र घेतांना जे प्रश्न पडतात, त्यांहून हे फारसे निराळे नाहींत.

गेल्या वर्षीं दादांच्या उजव्या खांद्यानें दुखणें काढलें. डॉक्टरांनीं सांगितलें, चालणें चालूं ठेवा, समुद्राची हवा घ्या, मात्र उजव्या हातानें जड वस्तु वरचेवर तोलूं नका. आतां दादांजवळ जें रील होतें, तें त्यांच्या चिरंजीवांनीं वाढदिवसाला मोठ्या प्रेमानें आणून दिलेलें होतें. सोनेरी कडी, काळी झळाळी, आणि बाजूला इंग्रजी आंकडे असें तें देखणें यंत्र. आम्हीं तें स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर ठेवून पाहिलें, तों भरलें ५६० ग्रॅम! गरवणारा मनुष्य तासाभरांत तीस-चाळीस वेळां तरी दोर फेंकतो, आणि प्रत्येक खेपेस तो गुंडाळून परत येईपर्यंत काठी व रील हातांत पेलून धरतो. वहिनींनीं कांट्याकडे पाहिलें, दादांकडे पाहिलें, आणि बोलल्या नाहींत. आमच्या घरांत ह्याला निर्णय म्हणतात.

तरीहि तें रील आणखी कांहीं दिवस चाललें असतें. तें घरांतून गेलें तें दुसऱ्या कारणानें.

त्या दिवशीं कार्तिक वद्य तृतीया होती. भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत बहुतेकांस ठाऊक असेल : तिथीला तिनांनीं गुणून चारांनीं भागावें, येईल तितके वाजतां पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास, आणि प्रत्येक पक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजणी. तृतीयेला सवादोनाला भरती, म्हणजे सकाळीं आठच्या सुमारास ओहोटी संपून पाणी वळणार. हा हिशेब मिनिटाचा नव्हे, पण खडकावर जाणाऱ्यास पुरेसा आहे. एरव्हीं आमच्या घरचें पंचांग आणि कोळीवाड्यांतील दर्या यांचा काय संबंध! पण अष्टमीला भांग आणि पौर्णिमेला उधाण, हें गणित दोन्हीं घरीं एकच आहे.

वरळी कोळीवाडा म्हणजे वरळीचें उत्तरेकडे समुद्रांत घुसलेलें टोंक. टोंकावर इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला लहानसा किल्ला आहे, वस्तींत गोल्फादेवीचें देऊळ आहे, आणि समोर माहीमची खाडी ओलांडली कीं वांद्रें. किल्ल्याखालीं ओहोटीला काळे खडक उघडे पडतात, आणि पाणी चढूं लागलें कीं त्यांच्या कपारींतून शिंगाळे, तांब, क्वचित् एखादा जिताडा चरावयास येतो. २००९ सालीं खुला झालेला वांद्रें-वरळी सागरी सेतु येथून इतका जवळ दिसतो कीं त्याच्या तारा मोजाव्या. पलीकडून आलेला किनारी मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू झाला. त्या मार्गाच्या पुलाचे खांब ६० मीटरांवर येणार होते. तेवढ्या फटींतून लाटेवर नौका काढणें जिवावरचें आहे, म्हणून येथील मच्छीमारांनीं २०० मीटर अंतर मागितलें, काम अडवून धरलें, आणि २०२२ च्या अखेरीस १२० मीटरांवर तडजोड झाली. आम्ही हौसेनें एक काठी घेऊन येथें उभे राहतों, तें ह्यांच्या दारांत उभे राहतों, याचें भान असावें. बंदरावर नौकांच्या वाटेंत दोर टाकूं नये. सुकत घातलेल्या जाळ्यांवरून चालूं नये. आणि कोणी ‘इथं नको’ म्हणालें तर वाद न घालतां दुसरा खडक धरावा.

त्या सकाळीं नवाच्या पुढें दादांच्या दोराला जबरदस्त ओढ बसली. अशा वेळीं रीलनें काय करावयाचें असतें? मासा जोरानें पळूं लागला कीं दोर तुटण्यापूर्वींच थोडथोडी ढील द्यावयाची. ही ढील देणारा जो भाग, त्याला ड्रॅग म्हणतात. चार-सहा चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. ओढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली कीं त्या घसरतात, फिरकी उलट फिरते, दोर सुटतो. दादांच्या त्या सोनेरी रीलचा ड्रॅग घसरलाच नाहीं. चकत्या जागच्या जागीं चिकटून बसल्या होत्या. काठी वांकली, खांद्यांत कळ आली, आणि फाडकन् दोर तुटला. मासा गेला, त्याच्या तोंडांतील गरी गेली, आणि गरीमागें दहा-बारा हात नायलॉनचा दोरहि गेला.

बंदरावर जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलांनीं हें पाहिलें होतें. त्यांनीं रील मागून घेतलें, कानाशीं नेऊन हळूहळू फिरवलें, आणि म्हणाले, “मास्तर, मीठ बोलतंय आंत.”

घरीं आल्यावर आत्याबाईंनीं नेहमीप्रमाणें, कांहीं मिळालें का, असें विचारलें नाहीं. आमच्याकडून सर्व हकीकत ऐकून त्या इतकेंच म्हणाल्या, “खायचा तर खा रे बाबा. पण आतां तो मासा तोंडांत गळ घेऊन किती दिवस फिरेल?” दादा शेजारच्या खोलींत होते. त्यांनीं तें ऐकलें असावें, कारण पुढें दीड महिना त्यांनीं काठीला हात लावला नाहीं.

रील आम्हीं उघडून पाहिलें. सोनेरी झळाळी वरवरची होती. आंत पोलादी स्क्रू तांबड्या गंजानें फुगले होते आणि ॲल्युमिनिअमच्या भागांवर पांढरी भुकटी धरली होती. कारण शाळेंतील रसायनशास्त्राचें आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन निरनिराळे धातु एकमेकांस टेकलेले असले आणि त्यांच्यामध्यें असें पाणी आलें कीं तेथें एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते, आणि त्यांतील दुबळा धातु झिजूं लागतो. गोड्या पाण्याच्या तळ्यावर दहा वर्षें टिकणारें रील खाऱ्या पाण्यावर एका पावसाळ्यांत संपतें तें ह्यामुळें. दुकानदारानें हें सांगितलें नव्हतें. आमच्या पुतण्यानें विचारलेंहि नव्हतें.

तेव्हां दादांस पुन्हां समुद्रावर न्यावयाचें तर रील हलकें हवें, मिठाला पुरून उरणारें हवें, ड्रॅग भरवंशाचा हवा, आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला किंमत सोसणारी हवी. आम्ही चौकशीस लागलों.

ह्या जातीच्या रीलचा जन्म मोठा मनोरंजक आहे. पूर्वीचें रील म्हणजे पतंगाच्या चक्रीसारखें : दोर फेंकला कीं सगळी चक्री गरगर फिरावी लागे. हलकें आमिष तिला फिरवूं शकत नसे, आणि जड आमिषानें ती इतकी वेगानें फिरे कीं दोराचा गुंता होई. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड येथें लोकरीच्या धंद्यांत असलेल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नांवाच्या गृहस्थानें गिरणींतील बॉबिन पाहिली. बॉबिन स्वतः स्थिर राहते आणि सूत तिच्या टोंकावरून वेटोळें वेटोळें सुटत जातें. हेंच तत्त्व घेऊन त्यानें १९०५ सालीं रीलचें पेटंट मिळवलें. आजच्या स्पिनिंग रीलमध्यें दोर फेंकतांना फिरकी हालत नाहीं. दोर तिच्या कडेवरून नुसता गळून जातो. गुंडाळतांना तारेची एक कमान फिरकीभोंवतीं फिरून दोर परत चढवते. दादांस हें सांगितल्यावर त्यांस फार आनंद झाला. त्यांच्या वर्गांतील निम्मीं मुलें गिरणी कामगारांचीं. १९८२ च्या संपापूर्वीं त्यांच्यापैकीं कित्येकांच्या दप्तरांत खेळायला म्हणून रिकाम्या बॉबिन असत. “म्हणजे हें आपल्या परळचेंच यंत्र,” असें म्हणून त्यांनीं पहिल्यांदांच त्या विषयांत पुन्हां रस दाखवला.

आतां निवडीकडे वळूं.

रीलचा आकार आंकड्यांनीं सांगतात : १०००, २५००, ४००० वगैरे. आंकडा वाढेल तशी फिरकी मोठी आणि वजन अधिक. दादांचें सोनेरी रील ह्या हिशेबानें ६००० च्या वरचें होतें, म्हणजे मोठ्या बोटीवरून मोठा मासा ओढण्याचें. वरळीच्या खडकावरून तीस-चाळीस ग्रॅमचें शिसें फेंकणाऱ्यास त्याची कांहींएक गरज नाहीं. २५०० किंवा ३००० हा आकार पुरेसा आहे. त्यावर ०.३० मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोर सव्वाशे मीटरांच्या आसपास बसतो, आणि वजन बहुधा अडीचशे ग्रॅमच्या आगेमागें असतें. लाटा मोठ्या असतील आणि जड शिसें टाकावयाचें असेल तर ४००० घ्यावें. त्यापुढें किनाऱ्यावरील हौशी माणसानें जाऊं नये. शिवाय रील नुसतें हलकें असून भागत नाहीं. काठीला लावल्यावर तोल पकडीपाशीं आला पाहिजे. नाहींतर टोंक खालीं झुकतें आणि मनगट दिवसभर तें उचलीत बसतें. म्हणून काठी बरोबर घेऊनच दुकानांत जावें.

शरीर कशाचें असावें? महाग रीलांचें ॲल्युमिनिअमचें असतें. तें ताठ असतें, पण त्यावरचा लेप एकदां खरवडला कीं मीठ शिरतें. स्वस्त आणि हलक्या रीलांचें शरीर कार्बनचे तंतु घातलेल्या नायलॉनचें असतें. त्याला ‘ग्रॅफाइट’ म्हणण्याची प्रथा आहे. ‘प्लॅस्टिक’ म्हणून आम्हीहि प्रथम नाक मुरडलें. पण त्याला गंज माहीत नाहीं. मोठा मासा ओढतांना तें किंचित् वांकतें खरें, तथापि २५०० च्या रीलवर कोणी देवमासा धरावयास जात नाहीं. हलकें आणि परवडणारें रील खाऱ्या पाण्यासाठीं घ्यावयाचें तर हेंच शरीर आमच्या मतें योग्य. फिरकी मात्र धातूची असावी, कारण ताणलेला नायलॉन दोर पुष्कळ वेटोळ्यांनीं आवळत गेला कीं हलक्या प्लॅस्टिकच्या फिरकीला तडा जाऊं शकतो.

बेअरिंगांच्या संख्येचें जें स्तोम दुकानांत माजलें आहे, त्याविषयीं आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. ज्या दुकानांत आम्ही गेलों तेथें एका रीलवर ‘१३ अधिक १’ असें छापलें होतें, आणि विक्रेता तो आंकडा मंत्रासारखा पुनःपुन्हां म्हणत होता. सोनेरी रीलवरहि असाच आंकडा होता! बेअरिंग म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्यांचें कडें. तीं जितकीं अधिक, तितक्या गंजण्याच्या जागा अधिक. त्यापेक्षां झांकलेलीं, न गंजणाऱ्या पोलादाचीं तीन-चार असलीं कीं काम होतें. जपानांत साकाई शहरीं १९२१ सालीं सायकलचे फ्रीव्हील करण्यापासून सुरुवात केलेल्या शिमानो ह्या मंडळींनीं १९७० पासून माशांच्या सामानाचा विभाग काढला. अशा जुन्या कारखान्यांच्या साध्या रीलांवर बेअरिंगांचा आंकडा लहान आढळतो, आणि दांतेचक्रें मात्र नीट बसलेलीं असतात. आंकडा वाचण्यापेक्षां हातानें पाहावें.

हातानें पाहण्याची रीत दादांनीं लवकरच आत्मसात केली. परीक्षकाची नजर ती, दुसरें काय! दांडी अगदीं सावकाश फिरवावी. जोरानें फिरवली तर कोणतेंहि रील गुळगुळीत वाटतें. सावकाश फिरवलें कीं खडखड हातांस कळते. दांडी मागेंपुढें हालवून किती ढिली आहे तें पाहावें. कमान पांच-सहा वेळां उघडझांप करावी. ती हातानें मिटावी, दांडी फिरवून आदळूं नये. जेथें दोर कमानीवरून वळतो तेथें एक लहानसें चाक असतें, तें खरोखर फिरतें का हें नखानें पाहावें. तें अडकलें कीं दोर त्यावर घासून झिजतो, आणि मीठ प्रथम तेथेंच धरतें. मग ड्रॅग थोडा आवळून दोर हातानें हळू ओढावा. तो एकसारखा सुटला पाहिजे. आधीं अडून मग झटक्यानें सुटत असेल, तर तें रील कितीहि हलकें व स्वस्त असो, परत ठेवावें. विक्रेता कंटाळला, तरी दादांनीं आठ रीलांची अशी परीक्षा घेतली. तेरा बेअरिंगांचें रील ह्या परीक्षेंत नापास झालें.

अखेर जें घेतलें, तें २५०० आकाराचें, कार्बन-नायलॉनच्या शरीराचें, चार बेअरिंगांचें, साधें करड्या रंगाचें. किंमत अडीच हजारांच्या आंत, आणि घरच्या कांट्यावर २४५ ग्रॅम. वहिनींनीं ह्या खेपेसहि कांट्याकडे पाहिलें, आणि चहा ठेवला.

रील आणल्याबरोबर ड्रॅग किती आवळावा हा प्रश्न येतो, आणि खरें पाहतां आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. नियम असा कीं, दोर जितक्या भारानें तुटतो त्याच्या चतुर्थांश ते तृतीयांश ओढीला ड्रॅग सुटावा. आमचा दोर सहा किलोंचा. म्हणजे दीड ते दोन किलो. ह्यासाठीं ताणकांटा नसला तरी चालतें. दीड लिटर पाण्यानें भरलेली बाटली दोराच्या टोंकाला बांधून रील उंच धरावें; बाटली सावकाश खालीं उतरूं लागली कीं ड्रॅग बरोबर. आमच्या गॅलरींत हा प्रयोग चालला असतां खालच्या मजल्यावरील मंडळी बाहेर येऊन उभीं राहिलीं, तो प्रसंग वेगळा सांगण्यासारखा आहे.

दोर नायलॉनचाच घ्यावा. विणलेला दोर बारीक आणि बळकट असतो, लांबहि जातो. पण तो खडकाच्या धारेवर आणि शिंपल्यांवर पटकन् कापला जातो, महागहि पडतो. फिरकी कांठाच्या दोन मिलिमीटर खालपर्यंत भरावी. कमी भरली तर दोर कांठाला घासून जवळच पडतो, कांठोकांठ भरली तर वेटोळीं एकदम सुटून गुंता होतो. तुटका दोर खडकांत सोडून येऊं नये. तो पक्ष्यांच्या पायांत आणि कोळ्यांच्या जाळ्यांत अडकतो. दादांनीं त्यासाठीं पिशवींत एक रिकामा डबा ठेवला आहे.

रीलची निगा हा अर्धा भाग आहे, आणि पैसे लागत नाहींत म्हणून लोक तोच टाळतात. घरीं आल्याबरोबर ड्रॅगची मूठ घट्ट करावी, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाहीं. मग नळाच्या बारीक, थंड धारेखालीं रील धरून मीठ धुवावें. बादलींत बुडवूं नये आणि जोराची धार मारूं नये. त्यानें वरचें मीठ आंत जातें. फडक्यानें टिपून सावलींत वाळवावें, आणि वाळल्यावर ड्रॅग पुन्हां ढिला करून ठेवावा. आवळलेल्या चकत्या महिनोन् महिने तशाच राहिल्या तर चिकटतात. कमानीच्या चाकावर आणि दांडीच्या सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. खोबरेल नको, तें चिकट होतें. ड्रॅगच्या चकत्यांस मात्र तेलाचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

ह्या धुण्यावरून घरांत थोडा पेंच पडला. न्हाणीघरांत माशाचें यंत्र धुवायचें नाहीं, असें आत्याबाईंचें म्हणणें. स्वयंपाकघरांत तर प्रश्नच नव्हता. शेवटीं गॅलरींतील तुळशीपासून दूरच्या कोपऱ्यांत एक निराळा तांब्या आणि एक निराळें फडकें ठेवण्यांत आलें.

पावसाळ्याविषयीं दोन शब्द. जून-जुलैंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि काठीवाल्यांस ती लागू नाहीं असें म्हणून कांहीं उत्साही मंडळी खडकावर जातात. ह्याच दिवसांत मुंबईस साडेचार मीटरांहून उंच भरती येते. किल्ल्याखालचा जो खडक कार्तिकांत बसायला ओट्यासारखा वाटतो, तो आषाढांत शेवाळानें हिरवा असतो. दादा नारळी पौर्णिमेपूर्वीं जात नाहींत. आणखी एक : शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूंचे कांटे विषारी असतात, गरी काढतांना त्याला उघड्या हातानें धरूं नये, जाड फडकें आणि लांब चिमटा असावा. पिल्लें सोडून द्यावींत. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली आहे ती बाजाराकरितां असली, तरी काठीवाल्यासहि ती पाळतां येते.

माघ शुद्ध चतुर्थीला दादा पुन्हां वरळीला गेले, आणि आम्ही बरोबर होतों. गणेशजयंती असल्यामुळें मासा घरीं आणावयाचा नाहीं हें आधींच ठरलें होतें. नव्या रीलची चांचणी मात्र व्हावयाची होती. चतुर्थीला तीन वाजतां भरती; अकराच्या सुमारास पाणी चांगलें चढूं लागलें होतें. तिसऱ्या कीं चवथ्या फेंकीला ओढ बसली. आम्हीं श्वास धरला. करड्या रीलनें किर्र् असा बारीक आवाज केला, आठ-दहा हात दोर गेला, थांबला, पुन्हां थोडा गेला. आणि मग दादा सावकाश दांडी फिरवूं लागले. सुमारें सव्वा किलोचा शिंगाळा होता. त्यांनीं चिमट्यानें गरी काढली, माशाला ओल्या फडक्यांत धरून पाण्यापर्यंत नेलें, आणि सोडलें. तो दगडामागें क्षणभर थांबून खोल पाण्यांत गेला.

तांडेल वरून पाहत होते. “सोडला?” त्यांनीं विचारलें. दादांनीं तिथि सांगितली. ते हांसले आणि पुन्हां जाळ्याकडे वळले.

घरीं आल्यावर आत्याबाईंनीं विचारलें, “गळ काढलास ना?” दादा म्हणाले, “काढला.” मग त्यांनीं गॅलरींतील तांब्या स्वतः भरून दिला.